चित्रनगरीने आपल्या माणसांची छायाचित्रे जपावीत

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ मर्यादित,
दादासाहेब फाळके चित्रनगरी, गोरेगाव (पूर्व), मुंबई.



आपल्या चित्रनगरीला ज्यांचे नाव आहे, त्या दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली एक छोटा मूकपट काढला होता. चित्रपट कसे तयार होतात, हाच त्याचा विषय. त्यात दादासाहेब नटांना प्रसंग समजावून देताना दिसतात, फिल्म निरखताना दिसतात आणि भोवती त्यांच्या कारखान्यातली माणसे आपापल्या कामात असतात. 'राजा हरिश्चंद्र' येऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती. पडद्यावरची माणसे हलतात याचेच लोकांना नवल होते, आणि अशा दिवसांत या माणसाने कॅमेरा आपल्याच कामाच्या जागेकडे वळवला.

त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. चित्रनगरी १९७७ साली उभी राहिली, २००१ साली तिला दादासाहेबांचे नाव मिळाले. आरेच्या डोंगरउतारावरच्या पाचशेहून अधिक एकरांत रोज सकाळी कॅमेरे लागतात आणि रात्री उशिरा पॅकअप होते. पण त्या दिव्यांमागे आणि त्या भिंतींमागे राबणाऱ्या माणसांचा, त्यांच्या कामाचा, त्यांच्या घरादाराचा छायाचित्रसंग्रह चित्रनगरीत मला कधी पाहायला मिळाला नाही. असा संग्रह आपल्या महामंडळाने उभा करावा आणि त्यात प्रत्येक माणूस त्याच्या नावानिशी असावा, एवढी मागणी करण्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

मी चित्रनगरीला लागून असलेल्या दिंडोशीत राहतो. मालिकांच्या आणि चित्रपटांच्या सेटवर स्टिल फोटोग्राफर म्हणून काम करत आलो आहे. आमच्याकडून दोन तऱ्हेची छायाचित्रे काढून घेतात. एक प्रसिद्धीची: नायक, नायिका, मुहूर्त, केक. दुसरी कंटिन्यूइटीची: कालच्या दृश्यात पदर कोणत्या खांद्यावर होता, टेबलावरचा पेला अर्धा होता की भरलेला. पेल्याची नोंद राहते. तो पेला तिथे नेऊन ठेवणाऱ्या माणसाची राहत नाही. मालिकांच्या शेवटी येणारी नामावली वाचायला डोळे पोहोचण्याआधीच सरकून जाते, आणि त्या नामावलीतही सगळे नसतातच.

वाड्याचे उदाहरण घ्या. मराठी घराघरांत रोज संध्याकाळी जो वाडा दिसतो, तो प्लायवूड, लाकडी पट्ट्या, कापड आणि प्लास्टर ऑफ पॅरिस यांचा असतो. सुतार सांगाडा उभा करतात. साच्यातून दगड निघतात, खांबांची नक्षी निघते, देवघराचा कोनाडा निघतो. मग पेंटर येतो. कालच ओतलेला दगड दोनशे वर्षांचा करून दाखवणे हे त्याचे काम. स्पंज, चिंध्या, पातळ केलेला काळा रंग आणि थोडीशी माती, एवढीच त्याची सामग्री. पागोळीचे पाणी जिथून उतरले असते तिथे तो ओघळ काढतो. चौकटीला जिथे पिढ्यान्‌पिढ्या खांदे घासले असते तिथे चकाकी आणतो. कडीभोवती हाताचा मळ, चुलीवरच्या भिंतीला काजळी, तुळशीवृंदावनाच्या पायाशी शेवाळ. हे सगळे तो कुणाच्या तरी हाताखाली, वर्षानुवर्षे उभे राहून शिकलेला असतो. दिवसा शूटिंग असले की हे काम रात्री चालते आणि सकाळी युनिट येईपर्यंत रंग वाळलेला असावा लागतो. मालिका संपली की वाडा पाडतात, सामान टेम्पोत भरतात आणि दुसऱ्या फ्लोअरवर त्याच फळ्यांची पोलीस चौकी होते. पेंटरच्या हातचा तो दगड कुठेच उरत नाही. तो रंगवताना पेंटर कसा वाकला होता, ब्रश कसा धरला होता, हे तरी उरायला हवे.

लाईटमनचे काम तर मान वर केल्याशिवाय दिसतच नाही. सेटच्या माथ्यावर टांगलेल्या फळ्यांवर चढून ते दिवे बांधतात. मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली, पेटलेल्या दिव्यांच्या शेजारी ते तासन्‌तास बसलेले असतात, कारण खालून कॅमेरामनने हाक मारली की दिवा चार बोटे इकडे किंवा तिकडे करायचा असतो. टंगस्टनचे जड दिवे गेल्या काही वर्षांत मागे पडले, एलईडी आले. काम हलके झाले ही चांगलीच गोष्ट. पण जुने दिवे खांद्यावर वाहून शिडी चढण्याची रीत, तापलेला दिवा उघड्या हाताने कसा धरायचा नाही याचे शहाणपण, दोराची ती विशिष्ट गाठ, हे सारे ज्यांच्या अंगात मुरलेले आहे ती पिढी आता साठीकडे आली आहे. त्यांची छायाचित्रे काढायची तर ती येत्या काही वर्षांतच.

स्पॉट दादा, ड्रेस दादा, मेकअप दादा, हेअर दीदी. सेटवर आम्ही सगळे एकमेकांना अशाच हाका मारतो. त्या हाकांत जिव्हाळा आहे आणि मलाही ती पद्धत आवडते. पण तिच्यामुळे कित्येकदा एकाच छताखाली दोन वर्षे काम केलेल्या माणसाचे पूर्ण नाव कुणालाच ठाऊक नसते. ज्युनिअर आर्टिस्टांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांचे चेहरे लाखो लोक पाहतात: लग्नातले वऱ्हाडी, कोर्टातली गर्दी, बाजारातली भाजीवाली. त्या चेहऱ्याचे गाव कुठले, तो शिफ्ट संपल्यावर विरारची गाडी पकडतो की शेजारच्या संतोषनगरच्या चढावर चालू लागतो, हे कुणी विचारत नाही.

या बहुतेकांचे कामगार म्हणून काढलेले एकच छायाचित्र असते. युनियनच्या कार्डावरचे पासपोर्ट आकाराचे. मागे पांढरा पडदा, नजर समोर, ओठ मिटलेले. हातात काही नाही. ज्या हातांवर त्या माणसाचे घर चालले, ते हात त्या छायाचित्राच्या चौकटीत येत नाहीत. संसदेने १९८१ साली सिने-कामगारांसाठी कायदे केले, त्यांच्या कल्याणनिधीची तरतूद केली, हातांनी राबणारा माणूसही सिने-कामगार आहे हे कायद्याच्या व्याख्येत लिहिले. कायद्याने ज्यांना ओळख दिली, त्यांचा चेहरा जपण्याचे काम सांस्कृतिक महामंडळाने करायचे नाही तर कुणी करायचे?

नोंद राहिली नाही की काय होते, ते सरस्वतीबाई फाळके यांच्या बाबतीत दिसते. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी सगळ्या युनिटचा स्वयंपाक त्या करत. कच्च्या फिल्मला भोके पाडण्याचे काम त्यांनी केले, रसायने कालवली, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या चेहऱ्यावर उजेड पाडला. आजच्या सेटवर यासाठी चार निरनिराळी खाती असतात. दादासाहेबांच्या चरित्रांमुळे आपल्याला हे ठाऊक आहे. पण चादर धरून उन्हात उभ्या असलेल्या सरस्वतीबाईंचे एखादे छायाचित्र प्रत्येक मराठी मुलाच्या पाठ्यपुस्तकात असते, तर सिनेमा कोण घडवते याबद्दलची आपली समजूत किती वेगळी झाली असती!

उलट उदाहरणही आपल्या जवळचेच आहे. दिंडोशीहून हमरस्ता आणि रेल्वे ओलांडली की मालाड पश्चिमेला बॉम्बे टॉकीजची जागा. १९३४ साली हिमांशू राय आणि देविका राणी यांनी स्थापलेल्या या कंपनीत जोसेफ विर्शिंग नावाचे जर्मन छायालेखक होते. 'अछूत कन्या' त्यांनीच चित्रित केला, पुढे 'महल'ही. चित्रीकरणाच्या मधल्या वेळात ते स्वतःच्या छोट्या कॅमेऱ्यावर भोवतालची छायाचित्रे काढत. त्यांत नटनट्या आहेत, दिग्दर्शक आहेत आणि युनिटमधली कामाची माणसेही आहेत. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मन म्हणून विर्शिंग यांना स्थानबद्ध केले गेले. तरी ती छायाचित्रे त्यांच्या कुटुंबाने सांभाळली, आणि २०१७ साली गोव्याच्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात ती लोकांसमोर आली. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचे मालाड, तिथला स्टुडिओ, तिथली कामाची लगबग आज पाहता येते ती एका माणसाला तसे करावेसे वाटले म्हणून. त्यात देविका राणींना कुणीही ओळखेल. मागे उभ्या असलेल्या मदतनिसाचे नाव आता विचारायचे कुणाला? म्हणून नावाचा आग्रह मी एवढा धरतो आहे.

जगातले फार गाजलेले एक छायाचित्र या नावाशीच अडले. १९३६ साली कॅलिफोर्नियातल्या वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग यांनी एका आईचे छायाचित्र काढले. लँग तेव्हा अमेरिकी सरकारच्या कामावर होत्या. ते छायाचित्र जगभर पोहोचले, टपाल तिकिटावरही आले. त्या आईचे नाव लँग यांनी विचारले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळले ते १९७८ साली, बेचाळीस वर्षांनी, आणि तेव्हा त्या बाईंनी सांगितले की या छायाचित्रातून आपल्याला काहीच मिळाले नाही. त्याच देशात लँग यांच्याही आधी लुईस हाइन गिरण्यांत आणि खाणींत काम करणाऱ्या मुलांची छायाचित्रे काढत होते आणि जमेल तिथे मुलाचे नाव, वय, काम टिपून ठेवत होते. बालमजुरीविरुद्धच्या लढ्यात ती छायाचित्रे पुरावा म्हणून उभी राहिली. या दोघांपैकी हाइन यांची रीत आपण उचलावी.

छायाचित्र काढणाऱ्याचे नावही हरवू शकते. होमाई व्यारावाला यांनी मुंबईत तरुणपणी काढलेली सुरुवातीची छायाचित्रे त्यांच्या पतीच्या नावाने छापली जात. म्हणून या संग्रहात प्रत्येक छायाचित्राखाली दोन नावे असावीत: समोर उभ्या असलेल्याचे आणि कॅमेरा धरणाऱ्याचे.

महाराष्ट्रात हे काम कसे करावे याचा धडा शोधायला लांब जावे लागत नाही. मूळ अकोल्याचे सुधारक ओलवे मुंबईत वृत्तपत्र छायाचित्रकार होते. महापालिकेच्या सफाई कामगारांची त्यांनी वर्षानुवर्षे छायाचित्रे काढली. कचऱ्याच्या गाड्या, गटारे, रात्रपाळी हे तर त्यांत आहेच, पण त्या कामगारांच्या खोल्या, त्यांची बायका-मुले, आजार आणि मृत्यूही आहेत. ही छायाचित्रे एका फेरीत निघालेली नाहीत. पुन्हा पुन्हा जाऊन, ओळख वाढवून, घरात बसून काढलेली आहेत. २०१६ साली ओलवे यांना पद्मश्री मिळाली. पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरून ग्रामीण स्त्रियांच्या श्रमाची छायाचित्रे काढली आणि त्यांचे प्रदर्शन बसस्थानकांवर, कारखान्यांच्या फाटकांवर, मजुरांच्या मेळाव्यांत मांडले. ज्यांच्यासारख्यांची छायाचित्रे, त्यांनीच ती आधी पाहायची, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

आता दिंडोशीकडे येतो, कारण हे सगळे इथेच का आणि आताच का, हा प्रश्न आपण विचाराल. चित्रनगरीचे फाटक आणि दिंडोशीची वस्ती एकमेकांना लागून आहेत. मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेमार्फत इथे सहा हजारांवर घरे उभी केली, ती साध्या पगारदार माणसांसाठी. शेजारी संतोषनगर आहे, वर कुरारच्या टेकडीवर वस्त्या आहेत, खुद्द चित्रनगरीच्या आणि आरेच्या हद्दीत आदिवासी पाडे आहेत. सेटवर राबणारी कितीतरी माणसे या घरांतून येतात. त्यांतली वस्त्यांमधली घरे किती टिकाऊ आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे. २ जुलै २०१९ च्या मध्यरात्री इथल्याच पिंपरीपाड्यात मालाड जलाशयाची संरक्षक भिंत झोपड्यांवर कोसळली आणि तिसाच्या आसपास माणसे गेली. १३ मार्च २०२३ रोजी अप्पापाड्याला आग लागली, शेकडो झोपड्या जळाल्या. शाळेचे दाखले, रेशनकार्डे गेली. लग्नाचे अल्बम गेले. कागद पुन्हा काढता येतात. आईचे एकमेव छायाचित्र पुन्हा काढता येत नाही. ज्यांच्या घरात आठवणी सांभाळायला कोरडी, सुरक्षित जागा नाही, त्यांच्यासाठी ती जागा सार्वजनिक संस्थेने द्यायची असते.

शिवाय आपला सगळा परिसरच बदलतो आहे. दिंडोशीत मेट्रो आली. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यासाठी दिंडोशी न्यायालयापासून चित्रनगरीपर्यंत उड्डाणपूल आणि तिथून पुढे राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराखालून जुळे बोगदे, अशी कामे चालू आहेत. चित्रनगरीच्या पुनर्विकासाच्या योजनाही बरीच वर्षे चर्चेत आहेत. नवे फ्लोअर आले पाहिजेत, कामगारांना स्वच्छ स्वच्छतागृहे आणि जेवायला सावली मिळाली पाहिजे, याला माझा मनापासून पाठिंबा आहे. पण गिरणगावात काय झाले ते आपण पाहिले. १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या घरात कामगार होते. संप चिरडला, पुढे गिरण्या गेल्या, मनोरे उभे राहिले, आणि मग लोक म्हाताऱ्या कामगारांच्या आठवणी गोळा करत फिरू लागले. गिरणीतल्या साच्यावर उभा असलेला आपला आजोबा पाहायचा झाला तर आज किती नातवंडांना तो पाहता येतो?

काही अडचणी आपण सांगाल, त्या खऱ्या आहेत. मालिकेचे कथानक फुटू नये म्हणून निर्माते सेटवर छायाचित्रे काढू देत नाहीत. मग भाग प्रसारित होईपर्यंत ती छायाचित्रे बंद ठेवावीत. कलाकारांचा खाजगीपणा जपला पाहिजे. पण या संग्रहात कलाकार मध्यभागी नसणारच आहेत. कामगारांना भीती वाटेल, ही मात्र मला सगळ्यांत गंभीर बाब वाटते. टीव्हीच्या धंद्यात पैसे नव्वद दिवसांनी हातात पडण्याची रीत आहे. बारा तासांची शिफ्ट लांबली तरी माणूस गप्प राहतो, कारण उद्याचा कॉल चुकायला नको. अशा माणसाचे छायाचित्र त्याला न विचारता काढले, तर उपकार होण्याऐवजी अपाय होईल. म्हणून मराठीत आणि हिंदीत, त्याला वाचता येईल किंवा वाचून दाखवता येईल असा संमतीचा कागद हवा आणि पुढे कधीही 'माझे छायाचित्र काढून टाका' म्हणण्याचा हक्क हवा. प्रत्येकाला त्याच्या छायाचित्राच्या चांगल्या छापील प्रती मिळाल्या पाहिजेत. मोबाइलवर पाठवलेली प्रत पुरेशी नाही. मोबाइल फुटतो, बदलतो, हप्त्यापायी विकलाही जातो.

छायाचित्रकार बाहेरून आणू नका, असे मी म्हणणार नाही. पण निम्मे तरी याच धंद्यातले, याच वस्त्यांतले असावेत. संतोषनगरातल्या लाईटमनच्या मुलीच्या हातात कॅमेरा द्या. वडील घरी आल्यावर पाय कसे पसरून बसतात, डबा कुठे ठेवतात, कोणत्या खांद्याला मालिश लागते, हे तिच्याइतके कुणाला दिसणार? कामगारांच्या मोबाइलमध्ये आजही हजारो छायाचित्रे आहेत. त्यांतली बरीच मोठ्या नटाशेजारी उभे राहून काढलेली असतात, तीही मागून घ्यावीत. त्या आनंदाची जागाही या संग्रहात आहे.

आणखी एक कारण अलीकडचे आहे. आता यंत्राला सांगितले की ते घामाने निथळणाऱ्या कामगाराचे चित्र क्षणात तयार करून देते. त्या चित्रातला माणूस कधी जन्मलेला नसतो. अशा काळात, अमुक तारखेला, अमुक फ्लोअरवर, अमुक नावाच्या माणसाने हे काम केले, असे सांगणारे छायाचित्र जपणे ही शासनाच्या सांस्कृतिक संस्थेची जबाबदारीच ठरते.

खर्चाबद्दल मी फार लिहीत नाही. एका मोठ्या सेटच्या रंगकामाला लागतो त्याहून हा खर्च जास्त होईल, असे मला वाटत नाही. सुरुवात साठीच्या पुढच्या कामगारांपासून करावी, कारण त्यांच्याकडे वेळ कमी आहे. त्यांची यादी युनियनांच्या कार्यालयांतून मिळू शकेल. चित्रनगरीत एक कोरडी, थंड खोली या संग्रहासाठी राखून ठेवावी आणि एक प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे सोपवावी. पहिले प्रदर्शन कलादालनात नको. ते दिंडोशी बस आगाराजवळ किंवा चित्रनगरीच्या फाटकाशी, सकाळची शिफ्ट आत येते त्या वेळी मांडावे.

माझ्याकडे गेल्या कित्येक वर्षांत कामाच्या मधल्या वेळात काढलेली सेटवरच्या कामगारांची छायाचित्रे आहेत. ज्यांची आहेत त्यांची संमती घेऊन ती महामंडळाला विनामूल्य द्यायला मी तयार आहे. ज्यांची पूर्ण नावे ठाऊक आहेत त्यांची यादी तयार आहे. बाकीच्यांची नावे शोधायला दोन माणसांची मदत आणि सर्व फ्लोअरवर जाण्याची परवानगी लागेल. या कामासाठी भेटीची वेळ द्यावी, ही विनंती.

आपला,
दिंडोशीतील एक स्टिल फोटोग्राफर